अजून ठरलं नाही

थॉर्नली व्हेलच्या नगर परिषद निवडणुकीतली मेख आपल्याइतकी कुणालाच कळलेली नाही, याबद्दल क्लाइव हॅझलडीनची पक्की खात्री होती. मत कुणाला द्यायचं हे कोणीही ठरवेल. ते कधीपर्यंत द्यायचं नाही, यात खरी अक्कल!

हा शोध त्याला एप्रिलमध्ये लागला. बायकोला, मॉरीनला, जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून दाराची घंटा वाजवायचा तो फक्त पार्सलवाला, आणि तोही शेजारच्यांचं पार्सल ठेवून घ्याल का, म्हणून. मग एका शनिवारी छातीवर पक्षाची लाल फीत लावलेल्या उमेदवार मिसेस ओयेलारन दारात उभ्या राहिल्या.

"मत आम्हालाच ना, मिस्टर हॅझलडीन?"

"अजून ठरलं नाही," क्लाइव म्हणाला. ते खरंच होतं.

बाई चार दिवसांनी परत आल्या. त्यांच्यामागून विरुद्ध पक्षाची उमेदवार, निळ्या फितीची फिलिपा आली. तिलाही तेच उत्तर मिळालं, तीही परत आली. गल्लीतल्या 'हो' म्हणणाऱ्यांकडे कुणी फिरकेना, 'नाही' म्हणणाऱ्यांकडे तर नाहीच. तळ्यात-मळ्यात करणाऱ्या क्लाइवकडे मात्र आठवड्यातून दोनदा माणसं! त्याने लिंबाचा केक आणून ठेवायला सुरुवात केली. मिसेस ओयेलारनना गुडघ्याचं दुखणं होतं, फिलिपाचं लग्न लांबत चाललं होतं. क्लाइव सगळं मन लावून ऐकायचा आणि निघताना म्हणायचा, "जरा विचार करतो."

घर कोपऱ्यावरचं. बाई प्रचाराची पाटी लावू का म्हणाल्या, त्याला नाही म्हणवेना. मग लाल पाटी चर्चच्या रस्त्याला लागली आणि निळी शाळेच्या रस्त्याला. दोन डगरींवर हात ठेवावेत तर असे!

मतदानाच्या दिवशी तर पर्वणीच होती. केंद्राबाहेर दोन्ही पक्षांची माणसं कोण मत देऊन गेलं ते टिपत बसतात आणि राहिलेल्यांच्या घरी आठवण करून द्यायला जातात. मत दिलं की यादीतून नाव गेलं. क्लाइव कशाला देतोय! नऊ वाजता फिलिपा आली, अकराला मिसेस ओयेलारन, एकला पुन्हा फिलिपा.

"बूट घालतोच आहे," तो प्रत्येकीला सांगायचा. पायात सपाता, हातात किटली.

चार वाजता दोघी एकदमच आल्या, एक या रस्त्याने, एक त्या रस्त्याने, आणि कोपऱ्यावर एकमेकींच्या पाट्या बघून थबकल्या.

"हे तर आमचे आहेत," फिलिपा म्हणाली.

"तुमचे? मी यांच्या स्वयंपाकघरात महिनाभर बसतेय!"

"मीसुद्धा."

पितळ असं उघडं पडल्यावर दोघींनी मिळून त्याला गाडीत घालून केंद्रावर नेलं. मागच्या सीटवर क्लाइव मान खाली घालून बसला होता. मतपत्रिकेसमोर उभं राहिल्यावर त्याला एकीचंही मन मोडवेना. त्याने दोघींच्याही नावांसमोर मताची फुली मारली, म्हणजे मत बाद झालं. घरी येऊन त्याने केक कापला आणि घंटेकडे कान लावून बसला. ती वाजली नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारीही नाही.

शनिवारी मिसेस ओयेलारन पाटी न्यायला आल्या. त्या हरल्या होत्या. खुंट उपटताना त्यांनी हातातली मतदारांची यादी दारातल्या बाकावर ठेवली. हॅझलडीन नावासमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मत मिळणार नाही. एकटे आहेत. दहा मिनिटं बसावं. केक चांगला.'

क्लाइवला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. सबंध महिना आपण त्यांना खेळवतोय, असं त्याला वाटत होतं.

"केक दुकानातला असतो," तो कसाबसा म्हणाला.

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "खोकं तुमच्या कचऱ्याच्या डब्यावर असतं." पाटी गाडीत टाकून त्यांनी हात हलवला आणि त्या गेल्या.

पुढची निवडणूक चार वर्षांनी. क्लाइव घराला वळसा घालून शाळेच्या बाजूला गेला. निळी पाटी अजून उभी होती. ती न्यायला कुणीतरी येणारच होतं. त्याने आतून हातोडा आणला आणि खुंट आणखी वीतभर खाली ठोकला.