तांब्यातले चार जीव

एखादी गोष्ट माझ्यावर सोपवा आणि खुशाल झोपा! चाकणच्या कंपनीत अकरा वर्षं क्वालिटीला आहे मी. हजारात एक बोल्ट वाकडा असला, तरी तो मला लांबून दिसतो. म्हणून सासरी आलो असताना तेजस्विनी मॅडमनी "दोन तास सांभाळाल ना?" असं विचारलं, तेव्हा मी जरा हसलोच.

"निर्धास्त जा, मॅडम!"

या मॅडम गुहांमध्ये आणि जमिनीच्या पोटात राहणाऱ्या जीवांचा अभ्यास करतात. आपल्याकडे चुनखडीच्या लांबलचक गुहा नाहीत, पण काळ्या खडकाच्या फटींतून पाणी फिरतं, आणि त्या काळोखातही कुणीतरी नांदत असतं, असं त्यांचं म्हणणं. खेड तालुक्यातल्या एकतीस बोअरींत त्यांनी बारीक जाळी सोडून पाहिली होती. हाती काही नाही! बत्तिसावी बोअर माझ्या सासऱ्यांच्या शेतातली, मोटर काढून टाकलेली. तिच्यातून चार निघाले.

फक्त चार! तांदळाच्या कणीएवढे, पांढरेफटक, डोळ्यांचा पत्ताच नाही. तीन बारके आणि एक जरा लांबडी. ती मादी, पोटाशी अंडी.

"ही असली तरच जात नक्की करता येईल," मॅडम म्हणाल्या. "पोहताना यांचं चित्रण करायचंय. कॅमेरा राजगुरुनगरला खोलीवर राहिलाय, घेऊन येते. फ्रिजमध्ये नको, उन्हात नको, आणि हलवू नका."

त्या गेल्या. चौघे जीव ठेवलेल्या बाटलीला मी हात लावला. कोमट! प्लास्टिकच ते. मग माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. मी सगळं पाणी अलगद स्टीलच्या तांब्यात ओतलं, वर ताटली ठेवली, आणि तांब्या माठाशेजारी गारव्याला ठेवून दिला. स्वतःवरच खूश होऊन हात धुवायला बाहेर गेलो.

परत येतो तो काय! सासरे, म्हणजे अर्जुनराव, कांद्याच्या रानातून तापून आलेले. मान मागे, तांब्या वर, आणि घशाची घाटी पंपाच्या दट्ट्यासारखी खालीवर!

"मामा, थांबा!"

मी झेप घेऊन तांब्या हिसकावला. मामांच्या मिशीवरून पाणी ठिबकत होतं.

"माझ्या घरात मलाच पानी न्हाई व्हय, पाव्हणं?"

"मामा, त्यात जीव होते!"

"कसलं जीव?"

"आंधळे! पाताळातले!"

हे बोलायला नको होतं. मामा बाजेवर बसले आणि त्यांनी पोटावर हात ठेवला. चेहरा राखेसारखा.

"चालतंय," ते म्हणाले.

"काय चालतंय?"

"आत. डाव्या अंगाला."

सासूबाई, शालनबाई, चुलीपासून धावत आल्या. "काय पाजलंत ओ त्यांस्नी?"

"मामी, बोअरीतलं... मॅडमचं..."

"आगं बया! बोअरीत टाकायचं औषध पाजलं!"

शेजारच्या केसरबाईंनी कुंपणावरून तेवढंच ऐकलं. "अर्जुनरावानं औषध प्यालं!" गावात या वाक्याचा एकच अर्थ होतो. सात मिनिटांत अंगणात वीस माणसं! कुणीतरी पिकअप दाराशी मागे घेत होतं. चिखलीहून बायकोचा फोन आला. आधी रडली, मग कडाडली, "माझ्या वडलांना काय पाजलंत तुम्ही?"

आणि मी? मोबाइलचा टॉर्च लावून तांब्याच्या बुडाशी उरलेल्या दोन बोटं पाण्यात मोजत होतो. एक... दोन... तीन. पुन्हा मोजलं. तीनच! लांबडी नाही.

"मानूस ऱ्हायलं बाजूला, तांब्यात काय बघताय!" मामी ओरडल्या.

मान वर केली. मामा घामानं भिजलेले, बाजेची कड घट्ट धरून माझ्याकडेच बघत होते. तेव्हा मात्र मी तांब्या खाली ठेवला. खरंच काही विषारी असलं तर? मी मॅडमना विचारलंच नव्हतं!

तोवर मामींनी मिठाचं पाणी पाजायला सुरुवात केली होती. एक तांब्या. दुसरा तांब्या. मामांनी घमेल्यात सगळं भडाभडा ओकून टाकलं. लोक त्यांना उचलून पिकअपमध्ये घालणार, तेवढ्यात मॅडमची स्कूटर अंगणात शिरली.

मी एका दमात सगळं सांगितलं. वाटलं, आधी तांब्याकडे धावतील. त्या मामांजवळ बसल्या.

"काका, पोटात दुखतंय?"

"न्हाई."

"चक्कर, जळजळ?"

"न्हाई. चालतंय फकस्त."

"काका, ते पोटात दोन मिनिटंसुद्धा टिकणार नाहीत. आणि विषारी तर नाहीतच. उलट असे जीव राहतात ते पाणी बहुतेक चांगलंच असतं."

मामांच्या तोंडावर रंग आला. पिकअपवाल्यानं इंजिन बंद केलं, जरा नाराजीनंच. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "ते घमेलं फेकू नका."

त्यांनी जाळी काढली, ओकारी गाळली आणि पांढऱ्या ताटलीत पसरली. वीस डोकी वाकली. वास कुणालाच येईना.

"ही का?"

"पोह्याचा तुकडा."

"ही, ही बघा!"

"कांदा."

शेवटी मामाच बाजेवरून उतरले, चष्मा लावून उकिडवे बसले आणि काडीनं दाखवलं. "ही. हिला मिशा हायेत."

मॅडमनी भिंग धरलं. मग डोळे पुसले. "हीच. अखंड आहे. अंडीसुद्धा."

"मेली व्हय?" मामांनी टोपी काढली.

"हो, काका. पण हिला स्पिरिटमध्येच ठेवायचं होतं. बाकी तिघं पोहताहेत, चित्रण होईल."

त्यांनी कुपी भरली आणि पेन्सिलीनं चिठ्ठी लिहायला घेतली. 'हाती लागली' यापुढे मामांचं नाव घातलं.

"हाती कुठं, तोंडी लागली!" मामा म्हणाले. सगळं अंगण हसलं.

मी घसा खाकरला. "मॅडम, म्हणजे... सांभाळायला मीपण होतो."

"तुमची नोंद आहे ना. शेऱ्यात."

मी उत्सुकतेनं वाकून वाचलं. 'नमुने तांब्यात ओतले: जावई.'

साधं नावसुद्धा नाही हो!