डोक्याचं ड्रॉइंग

बावीस वर्षं मी ड्राफ्ट्समनची नोकरी करतोय आणि आजवर माझ्या ड्रॉइंगमध्ये एकही चूक निघालेली नाही. चुका निघाल्या त्या भिंतींमध्ये, जिन्यांमध्ये आणि दरवाजांमध्ये. त्या बांधणाऱ्यांच्या. मी कागदावर बरोबरच असतो. हे मी ऑफिसात इतक्या वेळा बोललोय, की मी तोंड उघडायच्या आत लोक मान डोलावून मोकळे होतात.

त्यामुळे आमचे हेड ड्राफ्ट्समन निवृत्त होणार म्हटल्यावर त्यांची खुर्ची माझीच, असं मी धरून चाललो होतो. सात वर्षांपूर्वीही तसंच धरलं होतं आणि तेव्हा ती दुसऱ्यालाच मिळाली. घरी जाऊन मी म्हणालो होतो, "मला त्या खुर्चीत काडीचा रस नव्हता." बायकोनं नुसता चहा ठेवला होता. खरं सांगतो, मला ती खुर्ची हवी होती. आणि आता मी एक्कावन्नचा, म्हणजे पुढच्या खेपेला विचारायला कोणी येणार नाही.

यंदा आम्ही दोघं होतो. मी आणि आयाळ. आयाळ हे मी मनात ठेवलेलं नाव, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं. वय छत्तीस, आणि डोक्यावर एवढे केस की पंख्याखाली बसला तर टेबलावरचे कागद त्याच्याकडे बघत बसतात. त्याचं काम ठीकठाक, पण तो खोलीत आला की माणसं सरसावून बसतात. मी आलो की खिडकी बंद करायला सांगतात.

"बाबा, तुम्ही तुमचे केस कधी बदलणार?" शनिवारी सकाळी लेकीनं विचारलं. मुलाखत सोमवारी होती.

"केसांना काय झालंय?"

"तेच तर. त्यांना काहीच होत नाही. जन्मापासून तसेच आहेत."

तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात पुरुषांच्या चेहऱ्याचे पाच आकार दिले होते आणि कोणत्या आकाराला कोणते केस शोभतात ते लिहिलं होतं. कपाळाची, गालांची आणि जबड्याची रुंदी मोजा, असं स्पष्ट म्हटलेलं. मोजा म्हटल्यावर मी थांबतो थोडाच! स्टीलची पट्टी आणली, रुंदी मोजायचा चिमट्यासारखा कॅलिपर आणला आणि आरशासमोर बसलो. कपाळ एकशे अडतीस मिलिमीटर, गाल एकशे एक्केचाळीस, जबडा एकशे एकोणचाळीस.

"कोणता आकार म्हणायचा हा?" मी बायकोला विचारलं.

"उकडलेला बटाटा," ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

"अगं, पाचांपैकी सांग."

"मग चौकोनी धरा. आणि तो कॅलिपरमध्ये अडकलेला जबडा आधी काढा."

चौकोनी चेहऱ्याला एक बाजू अगदी बारीक आणि दुसरी लांब ठेवून केस तिरपे वळवावेत, असा सल्ला होता. माझ्यासाठीच लिहिला होता जणू. माझ्या उजव्या कानाच्या वरचा भाग गेली दहा वर्षं ओसाड होत चाललाय, डावीकडे मात्र अजून छान पीक आहे. उजवी बाजू मशीननं साफ करायची, डावीकडचे केस लांब ठेवून वरून उजवीकडे आणायचे. ओसाडी झाकली जाते आणि लोकांना वाटतं फॅशन आहे.

हे सगळं न्हाव्याला तोंडी सांगण्यातला धोका मला ठाऊक होता. आमचा नेहमीचा न्हावी दोनच प्रकार जाणतो, बारीक आणि फार बारीक. म्हणून मी नव्या सलूनमध्ये जायचं ठरवलं, आणि जाताना ड्रॉइंग न्यायचं. दुपारी जेवून बसलो आणि दोन तासांत माझ्या डोक्याचा समोरचा देखावा, म्हणजे समोरून दिसणारं चित्र, काढला, त्याच्या दोन्ही अंगांना दोन बाजूंचे देखावे. एकाला नाव दिलं 'बाजू अ', तीन मिलिमीटर. दुसऱ्याला 'बाजू ब', सत्तर मिलिमीटर. खाली प्रमाण, तारीख, सही.

"उजवी-डावी लिहा की सरळ," बायको डोकावून म्हणाली.

"कळणाऱ्याला कळतं. ड्रॉइंगमध्ये फापटपसारा नसतो."

सलूनमधला कारागीर मोठा अदबीचा निघाला. त्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "सर, लोक नटांचे फोटो आणतात. असं कोणी आणलं नव्हतं."

"यात आहे तसंच करायचं," मी सांगितलं. "स्वतःचं डोकं चालवायचं नाही. डोकं माझं आहे."

त्यानं माझा चष्मा काढून कपाटावर ठेवला. चष्म्याशिवाय मला आरशात एक गुलाबी गोळा आणि त्यामागे एक काळा गोळा एवढंच दिसतं. काळा गोळा जरा घुटमळला.

"सर, नक्की हीच बाजू बारीक करायची ना? म्हणजे, इथं केस चांगले आहेत म्हणून विचारतो."

"कागदात काय आहे?"

"डावीकडच्या चित्रात तीन मिलिमीटर लिहिलंय."

"मग प्रश्न कशाला?"

त्यानं मशीन बाजूला ठेवलं. आधी त्यानं डोक्याला मालिश केली, आणि काय हात होता म्हणून सांगू. मी मिनिटभरात झोपलो. इतका गाढ, की मशीन कुठल्या कानाजवळ घरघरतंय याचा मला पत्ताही लागला नाही.

जागा झालो, चष्मा लावला आणि आरशात एक अनोळखी गृहस्थ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डाव्या बाजूचं सगळं पीक कापून नेलं होतं. आणि उजव्या ओसाडीवर अकरा लांब केस, एकेक नीट विंचरलेला, शिस्तीत आडवे झाले होते.

"हे काय केलंत?" माझा आवाज चिरकला.

"कागदाप्रमाणे, सर. फक्त ब बाजूला सत्तर मिलिमीटर भरत नव्हते. पासष्टच आहेत. त्यांना मी हातही लावला नाही."

मी कागद ओढून घेतला. ड्रॉइंग बरोबरच होतं. आम्ही समोरचा देखावा काढतो तेव्हा माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरतो, म्हणजे त्याचा उजवा कान कागदाच्या डाव्या हाताला येतो. पण न्हावी उभा राहतो पाठीमागे. त्याच्या दृष्टीनं डावीकडचं चित्र म्हणजे गिऱ्हाइकाची डावी बाजू. बावीस वर्षांत पाठीमागे उभं राहून ड्रॉइंग वाचणारा माणूस मला भेटला नव्हता.

घरी बायकोनं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

"न्हाव्याला ड्रॉइंग वाचता येत नाही," मी आत शिरत म्हणालो.

लेक पळत आली, तिनं एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं, आणि उशी तोंडावर दाबून आतल्या खोलीत गेली. तिचं हसणं पाच मिनिटं उशीतून येत होतं.

"सगळंच बारीक करून टाका," बायको म्हणाली. "एकसारखं तरी दिसेल."

"आणि ते अकरा?"

"अहो, अकरांसाठी कोणी एवढं करतं का?"

पण माझा जीव होईना. रविवारी लेकीनं हसू आवरून डोळ्यांची काळी पेन्सिल आणली आणि बोडक्या बाजूवर केस काढून दिले. काम सुबक होतं, हात माझ्यावरच गेलाय. सोमवारी मी छाती काढून ऑफिसला निघालो. ऑफिसच्या दारात उन्हात दहा मिनिटं थांबावं लागलं आणि कानावरून काहीतरी ओघळल्यासारखं वाटलं. रुमाल लावला तर डावीकडचे सगळे केस रुमालावर आले.

मुलाखतीला समोर तिघं होते. मधे नव्या संचालक मॅडम, एका टोकाला कंपनीचे हिशेबनीस, दुसऱ्या टोकाला साइटचे इंजिनिअर. या इंजिनिअरसाहेबांशी माझं जुनं वाकडं. हिशेबनिसांना माझी उजवी बाजू दिसत होती, इंजिनिअरसाहेबांना डावी. दोघंही आपापल्या जागी गंभीर होते. मॅडमना दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि त्या पाण्याचा ग्लास तोंडाजवळ धरून बसल्या होत्या.

"वसतिगृहाच्या कामात अठरा दरवाजे उलट्या अंगाला बसले," त्या ग्लास खाली ठेवून म्हणाल्या. "तुमचं लेखी उत्तर इथं आहे. 'ड्रॉइंग बरोबर आहे, वाचणाऱ्याची चूक.' आजही तेच म्हणणं आहे?"

माझं उत्तर तयार होतं. पण इंजिनिअरसाहेबांना राहवलं नाही.

"ते नंतर विचारू. आधी मला सांगा, डोक्याला काय झालंय?"

खोटं सुचेना. फाइलमधून कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून माझ्या पाठीमागे आले, आणि कागद माझ्या डोक्याशेजारी धरून तपासू लागले.

"डावीकडे तीन मिलिमीटर. बरोबर. उजवीकडे केस लांब. बरोबर. कारागिरानं काम चोख केलंय की." ते सरळ झाले. "मीही असंच कापलं असतं."

"मग चूक कोणाची?" मॅडमनी विचारलं.

न्हाव्याची, असं म्हणायला जीभ वळवळत होती. तो बिचारा तिथं नव्हता आणि मला खुर्ची हवी होती. पण त्यानं मला विचारलं होतं. मशीन हातात घेऊन, अगदी नम्रपणे, केस चांगले आहेत म्हणून विचारलं होतं. वसतिगृहाच्या वेळी सुतारानंही फोन करून विचारलं होतं, आणि त्यालाही मी म्हणालो होतो, कागदात काय आहे?

"माझी," मी म्हणालो. "बाजू कुठून बघायची ते मी लिहिलं नव्हतं. दरवाजांवरही नव्हतं लिहिलं."

बावीस वर्षांत हा शब्द मी ऑफिसात प्रथमच उच्चारला. हिशेबनिसांनी पुढे वाकून पहिल्यांदाच माझी डावी बाजू पाहिली आणि घाईघाईनं पुन्हा मागे टेकले.

बाहेर तासभर बसलो. आयाळ शेजारी होता, केसांतून बोटं फिरवत.

"मलाही दरवाजांचं विचारलं," तो म्हणाला. "मी म्हणालो, तुमचंच उत्तर बरोबर आहे. वाचणाऱ्याची चूक. तुमच्या बाजूनं उभा राहिलो."

मी त्याचे आभार मानले. दुसरं काय करणार.

मग मॅडमनी मला एकट्याला आत बोलावलं. खुर्ची मला मिळाली होती. मी वेड्यासारखा दोनदा 'थँक यू' म्हणालो, माझे डोळे भरून आले आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून मान वळवली, तर नेमकी बोडकी बाजू त्यांच्यापुढे गेली.

"एकच काम राहिलंय," त्या म्हणाल्या. "नव्या पदाचं ओळखपत्र आजच करायचं. फोटोग्राफर खाली आलाय. हाच फोटो निवृत्तीपर्यंत राहील, बरं का."

"मॅडम, महिनाभर थांबलो तर?"

"आजच."

खाली पांढऱ्या पडद्यासमोर मला स्टुलावर बसवलं. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून पाहिलं, कॅमेरा बाजूला करून पाहिलं आणि माझी त्याला मनापासून दया आली असावी.

"साहेब, जरा डावीकडं वळता का? बघू, काही जमतंय का."

मी हललो नाही.

"तुमची डावी," मी विचारलं, "की माझी?"