पुलाखाली म्हणजे कुठे

सबनीसकाकांना ‘पाशी’ हा शब्द चालत नसे. “स्टेशनपाशी भेटू,” असं कुणी फोनवर म्हटलं की ते त्याला तिथेच अडवत. “पाशी म्हणजे? तिकिटाच्या गेटच्या आत, की बाहेर?” समोरचा म्हणे, “बाहेर.” “बाहेर म्हणजे सायकली लावतात त्या अंगाला, की कोंबिनीच्या अंगाला?” “कोंबिनी.” “दुकानाच्या आत, की दारात?” एवढं होईपर्यंत समोरच्याची भेटायची इच्छा संपलेली असे.

जपानात, ग्योतोकु नावाच्या उपनगरात आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. ते चौथ्या मजल्यावर, मी त्यांच्या खाली. ‘खाली’ हाही त्यांचा नावडता शब्द, पण माझ्या बाबतीत त्याला इलाज नव्हता. काका मूळचे दादरचे. इथल्या एका कंपनीत मिश्रधातूंवर काम करण्यात उमेदीची वर्षं गेली, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. ऑफिसात त्यांना सबुनिसु-सान म्हणत. सबुनिसु-सानबरोबर मीटिंग ठरवायची तर आधी खोलीचा नकाशा पाठवावा लागतो, असं तिथले लोक सांगत. जपानी माणसांना काटेकोरपणात दमवणारा मराठी माणूस मी तो एकच पाहिला.

काकांना जाऊन एक हिवाळा झाला. त्यांच्या गॅलरीत आता दुसऱ्या कुणाचे तरी टॉवेल वाळतात. संध्याकाळी लॅबमधून येताना मान वर करायची सवय अजून गेलेली नाही.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे निहोनबाशीचा पूल. ग्योतोकुत कुणाकडेही भारतातून पाहुणे आले, की काका न बोलावता दारात हजर. “पूल बघितला का यांनी?” पाहुण्यांना फुजी पर्वत बघायचा असे, फुलं बघायची असत. काका त्यांना तोझाई लाइनच्या मेट्रोत बसवून पूल दाखवायला नेत. “आपली वाशी, यांची बाशी,” ते गाडीत सांगत. “फरक एवढाच, की वाशीचा पूल बघायला कुणी मुद्दाम जात नाही.”

पूल फार जुना, फार मानाचा. पूर्वी देशातले मोठे रस्ते तिथून निघत आणि अंतरं आजही तिथूनच मोजतात. पण पुढे कधीतरी त्याच्या बरोबर डोक्यावरून, नदीच्याच वाटेने, गाड्यांचा उड्डाणपूल नेला. तेव्हापासून त्या दगडी पुलावर भर दुपारीही संध्याकाळ असते. वरून गाड्यांची घरघर, खालून हिरवट पाण्याचा वास, आणि मध्ये दमलेले पाहुणे.

माझी आत्या पुण्याहून आली होती, तेव्हा तिलाही हे चुकलं नाही. ती मान वर करून त्या काँक्रीटकडे बघत राहिली.

“हा? अरे, हा तर सिंहगड रोडचा उड्डाणपूल.”

“ताई, वर नका बघू. तुम्ही ज्यावर उभ्या आहात, तो पूल.”

“मग वरचा कशाला बांधला?”

“खालचा उन्हाने खराब होऊ नये म्हणून,” काका गंभीरपणे म्हणाले.

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यासाठीच ते सगळ्यांना तिथवर ओढत आणत. पुलाच्या मध्यावर, पंखवाल्या प्राण्यांचा मोठा दिवा आहे, तिथे पाहुण्याला उभं करायचं आणि विचारायचं, “तुम्हाला कुणी सांगितलं, ‘पुलाखाली भेट,’ तर इथे तुम्ही कुठे उभे राहाल?”

पाहुणे गोंधळत. पुलाच्या कोपऱ्यातून नदीकडे उतरायला जिना आहे, खाली नावांचा धक्का आहे. बहुतेक जण तिकडे बोट दाखवत. काकांचा चेहरा पडे. एखादा हुशार इंजिनियर वर बघून म्हणे, “इथेच की. डोक्यावर पूल आहेच.” त्या माणसाला काका परतताना आपल्या खर्चाने उनागी, म्हणजे भाजलेली वाम, खायला घालत. शाकाहारी असला तर फार पंचाईत होई.

आत्याने क्षणभरही विचार केला नाही. “खाली म्हणजे खाली. पाण्याशी. त्यात विचारायचं काय?”

“तुम्ही सुधाच्या बाजूच्या,” काका पुटपुटले.

आत्याला विमानतळावर सोडून, रिकाम्याशा गाडीत परत येताना मी त्यांना सुधाकाकूंबद्दल विचारलं. काकू पुण्याला बहिणीकडे असतात एवढंच मला ठाऊक होतं. काका खिडकीकडे बघत बोलले.

काकू पहिल्यांदा जपानला आल्या, तेव्हा त्यांनी काकूंना हाच पूल दाखवला होता. “तिला म्हटलं, सांग, आपण पुलावर आहोत की पुलाखाली? ती म्हणाली, पुलावर. मी म्हटलं, चूक, वर बघ. मग तो आमचा विनोदच झाला. ऑफिस तिथून जवळ. ती मला भेटायला यायची, तेव्हा मी म्हणायचो, पुलाखाली ये. आणि ती बरोबर त्या दिव्याशी येऊन उभी राहायची.”

मग तो भूकंप झाला. काकू त्या दिवशी तिथल्याच एका मोठ्या दुकानात कापड घ्यायला आल्या होत्या. फोन बंद पडायच्या आधी काकांचा एकच निरोप त्यांना पोचला. पुलाखाली भेट.

“मी दिव्याशी उभा राहिलो. गाड्या बंद, सगळं शहर पायी घरी निघालेलं. माणसांचा नुसता लोट. वरचा रस्ता हलत होता. मी तिथेच उभा. आणि ती पायऱ्यांवर, खाली, पाण्याच्या कडेला. तिला वाटलं, अशा वेळी माणूस विनोद करणार नाही. खाली म्हणजे खालीच.”

अंधार पडेपर्यंत दोघंही तिथेच होती. मग आपापल्या वाटेने, गर्दीबरोबर चालत, घराच्या दारात एकमेकांना भेटली. काकू तेव्हा रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुम्ही आला नाहीत.” पुढच्याच आठवड्यात, “बहिणीकडे जाऊन येते,” म्हणून गेल्या. त्या आल्या नाहीत.

“दर रविवारी फोन करतो. मी म्हणतो, अगं, मी आलो होतो. ती म्हणते, नव्हता आलात. मग तिला सांगतो, अमक्या इंजिनियरला विचारलं, तोसुद्धा वरच उभा राहिला असता.” काका थोडं हसले. “तुझ्या आत्याचं नाही सांगणार.”

पुढच्या वसंतात एका रविवारी ते जिना उतरून माझ्याकडे आले. चपला उलटसुलट घातलेल्या.

“सुधा येतेय. घरी आधी येणार नाही म्हणते. विमानतळावरून परस्पर तिथे. मी विचारलं, कुठे भेटायचं? ती म्हणाली, पुलाखाली. आणि फोन ठेवला.”

“मग तुम्ही विचारलं नाही, म्हणजे कुठे?”

“नाही विचारलं,” ते म्हणाले.

ठरल्या दिवशी मी सोबत गेलो. पुलावर पोचल्यावर मी सवयीने दिव्याकडे वळलो. काका कोपऱ्यातल्या जिन्याकडे.

“तू थांब वर,” ते म्हणाले. “मी खाली.”

“काका, पण तुमचं म्हणणं तर...”

“म्हणणं राहू दे.”

कठड्यावरून मला त्यांचं टक्कल दिसत होतं. धक्क्यावर, पाण्याच्या अगदी कडेला, दोन्ही हात मागे बांधून उभे. नावेचं तिकीट घ्यायचं आहे का, असं एका गणवेशातल्या मुलीने विचारलं, तर त्यांनी वाकून नाही म्हटलं आणि पुन्हा तसेच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने एक टॅक्सी थांबली. जाड स्वेटर घातलेल्या एक बाई उतरल्या, फोटोत बघितल्या होत्या त्याहून लहानखुऱ्या दिसणाऱ्या. बॅग ओढत त्या थेट पुलाच्या मध्यावर आल्या. दिव्याखाली थांबल्या. वरच्या उड्डाणपुलाकडे एकदा बघून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दिव्याच्या खांबाला हात धरून उभ्या राहिल्या. जिन्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी जवळ गेलो. “काकू, मी काकांच्या खालच्या मजल्यावरचा. काका खाली आहेत.”

“खाली?” त्यांनी डोळे उघडले. “खाली कशाला? ते इथे उभे असतात.”

मी कठड्याकडे हात केला. त्या वाकल्या.

“अहो.”

काकांनी वर पाहिलं. “तू वर कशी?”

“तुम्ही खाली कसे?”

वरून एक लांब ट्रक गेला. सगळा पूल थरथरला. काकूंनी कठडा घट्ट धरला आणि काका घाईघाईने जिन्याकडे निघाले.

“थांबा तिथेच,” काकू म्हणाल्या. “हलू नका आता.” बॅगेचा दांडा त्यांनी माझ्या हातात दिला.

“मी येते.”