बारा वाजताच्या घंटेने फुटबॉलचा कप गेला, त्याची हकिकत

आकाशातल्या बापाचे स्मरण करून आणि पवित्र मातेस वंदन करून लेखनास आरंभ केला. शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सर, इसवी सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. ते समयी समुद्रकाठी, केळीच्या वाड्यांमध्ये, एका कॅथलिक हायस्कुलाचे राज्य नांदत होते. गादीवर फादर बेनेडिक्ट रुमाव हेडमास्तर. पुरुष मोठा करारी, छडी आखूड, परंतु आवाज ऐसा की वाडीतले कावळे उडावे. त्यांचा एक कायदा अढळ होता. दुपारी बारास शेजारच्या चर्चची घंटा होता जो जेथे असेल त्याणे तेथेच उभे राहून देवदूताची प्रार्थना म्हणावी, आणि जो मोडील त्याणे दुसरे दिवशी सर्वांदेखत अंगणात मरियामातेच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकावे. त्या वर्षी खबर आली की येत्या मे महिन्यात फादरांची बदली होणार. फादरांस एकच हौस राहिली होती, फुटबॉलचा कप. तो कधीच या राज्यात आला नव्हता. मग एव्हरिस्ट तुस्कानो, दहावीचा, संघाचा सरदार, याणे पण केला की कप फादरांचे हाती देऊनच निरोप द्यावा, आणि पोरे पहाटे रेतीत धावू लागली, आणि डिसेंबरात फौज अंतिम सामन्यास पोहोचली.

सामना आपलेच मैदानी, सकाळी दहाचा. परंतु प्रमुख पाहुणे आले अकरास, मग हार जाहले, भाषणे जाहली, आणि बाराचे सुमारास, सामना सरत आला तरी, दोन्ही फौजा बरोबरीत झुंजत होत्या. तोच एव्हरिस्ट चौघांस चकवून थेट गोलापुढे आला, समोर एकटा गोलकीपर, आणि घंटा जाहली. एव्हरिस्टाने चेंडू पायाखाली दाबिला, क्रूसाची खूण केली आणि मान खाली घातली. आपले अकराही जण जेथल्या तेथे थिजले. सगळी शाळा उभी, टाचणी पडता ऐकू यावी. त्या शांततेत एकच आवाज उठला, तो फादरांचा.

"अरे मार! एव्हरिस्ट, मार! प्रार्थना मग म्हण!"

पोराने मान वर केली नाही. परक्या फौजेस या राज्याचा कायदा ठाऊक नव्हता. त्यांणी क्षणभर नवल केले, मग चेंडू पायाखालून काढून नेला आणि गोल केला. पंचाने गोलाची, मग शेवटची शिट्टी दिली. कप गेला.

मास्तर मंडळी म्हणो लागली की तक्रार करावी. फादर बोलले, "त्यांचं काय चुकलं?" आणि आपले खोलीत गेले. दुसरे दिवशी सकाळी सर्व शाळा अंगणात जमली असता फादर पुढे आले आणि पांढरा झगा सावरून पुतळ्यापुढे गुडघे टेकिले. राज्यात हाहाकार जाहला. एव्हरिस्ट धावत आला.

"फादर, उठा नं. हा नियम पोरांसाठी आहे."

"नियम घंटेसाठी आहे, बाळा. काल तो मोडणारा मी एकटाच होतो."

एव्हरिस्ट घुटमळला, मग शेजारी गुडघे टेकून बोलला, "मग मीपण. उभा होतो खरा, पण सगळ्या प्रार्थनेत मनात एकच चाललं होतं, मारायला हवा होता, मारायला हवा होता."

मागून आपला गोलकीपर आला. "फादर, माझा एक डोळा उघडाच होता." मग उरलेले नऊ आले, आणि फादर हसू लागले, आणि हसता हसता रडले, आणि कोणास उठा म्हणावे हे कोणासच सुचेना. त्या दिवशी पहिला तास बुडाला.

मे महिन्यात फादर बोटीने दूरच्या मिशनास गेले, तेथेच वारले. कप पुढे दोन वेळा आला, कपाटात आहे, मुले त्यावरची धूळ पुसतातही. बखर इतकीच. आता आम्ही ती पोरे साठीस टेकलो, एकत्र जमलो की कोणी म्हणतो, तेव्हा मारला असता तर कप मिळता. आम्हांस कप नको. फादर पाहिजेत.