पाटीवर विश्वास नसलेले गफ्फारभाई

गफ्फारभाईंचा कुठल्याही पाटीवर विश्वास नसे. हॉटेलावर ‘गरम पोहे’ लिहिलेलं असलं, तरी ते आधी आत जाऊन पातेल्याला हात लावत. "पाटी लिहिनारा येगळा, तार जोडनारा येगळा," म्हणत.

सातपूरला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात ते तार गुंडाळणारे वाइंडर होते, मी टेस्टिंगला. मूळचे मालेगावचे. घरात माग, पण यांनी सूत सोडून तांब्याची तार धरली.

ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर घड्याळाचा आकडा असतो. आत येणारी वीज बाराच्या काट्यावर धरली, तर बाहेर पडणारी कुठल्या काट्यावर, ते तो सांगतो. अकरा म्हणजे तीस अंश पुढे, एक म्हणजे तीस अंश मागे. हे दोन एकमेकांना जोडले, तर दोन्ही जळायची वेळ. गफ्फारभाई माणसांनाही आकडे देत. मालक अकरा, मी एक. "तुमचं जमायचं नाय," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

एकदा पाणीपुरवठ्याचा एक ट्रान्सफॉर्मर तेलगळतीसाठी आला. पाटीवर अकरा. गळती थांबवली. आता तो तिथल्या जुन्या अकराशेजारी जोडायचा होता. ट्रक दारात उभा, आणि गफ्फारभाई ट्रकसमोर.

"पाटी वाचता येते ना?" पाणीपुरवठ्याचा इंजिनीअर चिडला.

"येते. म्हनून तर मोजतो."

मोजलं. निघाला एक! झाकण उघडलं, तर डेल्टाचे, म्हणजे त्रिकोणी जोडणीचे, तिन्ही सांधे उलट्या क्रमाने जोडलेले.

"आधी कोणी भरली याची तार? नाव सांगा, त्याचं काम बंद करतो," इंजिनीअर म्हणाला.

गफ्फारभाई सांध्यावरच्या पट्टीची गाठ बराच वेळ बघत राहिले. "काय म्हाईत, साहेब," म्हणाले, आणि सांधे सोडवायला बसले.

चहाच्या वेळी मला हळूच म्हणाले, "गाठ उस्तादची हाय. मला त्यांनीच शिकवली. आता नजर गेली त्यांची. कोनाला सांगत नाय."

त्यानंतर दर सुट्टीला ते मालेगाव गाठू लागले. एकदा मीही गेलो. छोट्याशा वर्कशॉपात उस्ताद चाचपडत तारा जुळवत होते. गफ्फारभाई समोर मांडी घालून बसले.

"उस्ताद, भूल गया. ये सिरा किधर जाएगा?"

"इतने साल हो गए, अभी तक नहीं आता तेरेको!" म्हातारा खुशीत ओरडला, आणि त्याने तारेचं टोक भलत्याच ठिकाणी टेकवलं.

"नहीं आता, उस्ताद," गफ्फारभाई म्हणाले, आणि त्याचा हात हातात घेऊन टोक अलगद जागेवर नेलं.