हवापारखी यंत्राची आणि सरदारांच्या स्वारीची हकीकत

श्रीवायुदेवता प्रसन्न असो वा रुष्ट असो, तिजवाचोन घटका जात नाही, म्हणोन आधी तिजला दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष शुद्ध सप्तमी, ते दिवशी दोन प्रहरी अवघे घर निपचित असता एक पितळी वाटी फरशीवर घरंगळली, आणि सगुणाबाई दचकोन उठली. बाई राज्याच्या उत्तर सीमेवरील भट्टीगावी सरकारी हवापारखी यंत्राची राखणदार. तिची पाच वर्षांची लेक बकुळा निजेतच खोकली होती आणि पाय झाडला होता, तेणे वाटीतला ओव्याचा काढा लवंडला होता. बाईने लेकीच्या पाठीवरून हात फिरविला, आणि मग फरशी पुसली, आणि मग शेजारच्या खोलीत जाऊन यंत्राचा आकडा पाहिला. आकडा साठ होता. चांगल्या हवेस पाचाच्या आत असावा.

त्या गावी भंगार वितळविण्याच्या भट्ट्या होत्या, आणि त्यांच्या धुराड्याखालीच बालवाडी होती, आणि बकुळा तेथे जात असे. धुरातील सूक्ष्म धूळ दोन जातींची. एक नुसती धूळ, ती पडोन राहते. दुसरी जहाल, जे भेटेल त्यास डसते, छातीत गेली तर छातीस डसते, आणि डसता डसता घटकाभरात आपणच विझोन जाते. यंत्राची करामत ऐसी की ते आपण होऊन हवा ओढी, आणि धूळ तत्क्षणी औषधी पाण्यात बुडवी, आणि जहालपण असेल तितके ते पाणी उजळे, आणि यंत्राचा डोळा तो उजेड मोजोन आकडा लिही. मनुष्याचा हात लागत नसे. बाईने फक्त नळ्या धुवाव्या, पाण्याच्या बाटल्या बदलाव्या, आणि उरल्या वेळात भाकरी, धुणी, लेकीची वेणी.

परंतु दरबारची रीत जुनी होती. हवेची धूळ कागदावर धरावी, कागद थैलीत घालावा, थैलीस पाच अधिकाऱ्यांचे मोर्तब व्हावे, आणि मग ती स्वारासंगे रवाना व्हावी. एक अधिकारी रजेवर, एक जेवावयास गेलेला, ऐसे होत होत थैली नवव्या दिवशी पावे. तोवर जहाल ते सगळे विझलेले. दरबारचे पारखी कागद औषधी पाण्यात भिजवीत, पाणी उजळत नसे, आणि ते लिहीत की, धूळ आहे, जहालपण नाही, रयतेने निश्चिंत असावे. मग सगुणाबाईने, लेक निजे तेवढ्या अवकाशात, चार दिवस बसोन अर्जी लिहिली की, तुमचा कागद मेलेली धूळ पाहतो, माझे यंत्र जिवंत पाहते, तरी भट्ट्या बालवाडीपासोन कोसभर हलवाव्या. उत्तर आले की, यंत्राच्या बोलण्यास साक्षी कोण? बाईने लिहिले, आपणच यावे. आणि नवल ऐसे की दरबारचे सरदार विसाजीपंत यांनी माघ वद्य पंचमीस येण्याचे मान्य केले. बाईस वाटले, आता सुटका जाहली.

तो गावास ही खबर कळली. सासू यमुनाबाई कंबर बांधोन उठल्या.

"राज्याचे सरदार यायचे आणि दारात ही राख? लोक म्हणतील, सून शिकलेली, पण घराचा उकिरडा!"

आणि त्यांनी गल्लीतल्या बायका जमवोन वेशीपासोन दारापर्यंत सडा घातला. मग भट्ट्यांचे मुकादम हणगोजी आपण होऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, काळजी सोडा. आजपासून भट्टी गार. पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर जाऊ देणार नाही."

बाई म्हणाली, "दादा, धूर असू द्या. धूर दाखवायलाच बोलावलंय त्यांना!"

"छे छे! पाहुण्याला काय धूर दाखवायचा? आपल्यात अशी रीत आहे का?"

सासू म्हणाल्या, "सांगा हिला, हणगोजी. माझं तर ऐकतच नाही."

आणि दोघे हसले, आणि भट्टी गार जाहली. बाईने दुसरे दिवशी परत जावे, हात जोडावे, भट्टी पेटवा म्हणावे, ऐसे मनात धरिले. परंतु पहाटे उठोन पाहते तो बकुळा पालथी निजलेली, तोंड उघडे, आणि खोकला नाही. किती महिन्यांनी श्वास ऐसा आला की ऐकू येऊ नये. बाईने नाकाशी बोट धरोन पाहिले. मग ती तेथेच बसली, आणि पाठीवर हात ठेविला, आणि उन्हे आली तरी उठली नाही. भट्टी पेटवा म्हणावयास जीभ वळेना.

पंचमीस स्वारी आली. विसाजीपंतांनी पायघड्यांवरोन येऊन, चष्मा पुसोन, यंत्रात पाहिले. आकडा तीन.

बाई म्हणाली, "महाराज, आज भट्ट्या बंद आहेत. हे पाहा मागचे आकडे, अठ्ठावन्न, साठ, एकोणसत्तर. दोन दिवस राहा, भट्ट्या पेटू द्या, मग पाहा."

पंत म्हणाले, "मागच्या आकड्यांस आम्ही साक्षी नव्हतो. आणि दोन दिवस राहायचं, तर वाटेतली सात गावं कुणी बघायची? यंत्र तुमचं, आकडाही तुमच्याच यंत्राचा. खोटं बोलतं का ते?"

"नाही महाराज."

"मग झालं तर! हवा काय सुरेख आहे इथली. आमच्याकडे तर घसा धरतो."

ऐसे म्हणोन त्यांनी यंत्र खरे बोलते म्हणोन मोर्तब केले, आणि त्याच मोर्तबाखाली अर्जी निकाली काढिली, आणि बाईस शालजोडी दिली, आणि यमुनाबाईंच्या हातच्या पुरणाची तारीफ करोन कूच केले.

एकूण हकीकत इतकीच की, यंत्र खरे ठरले, सरदार संतुष्ट जाहले, गावाचा पाहुणचार चहूकडे वाखाणला गेला, आणि भट्ट्या होत्या तेथेच राहिल्या. षष्ठीस सकाळी त्या पेटल्या. आकडा चौसष्ट लिहिला गेला. बाई लेकीस बालवाडीकरिता वेणी घालीत होती, तो बकुळा दोनदा खोकली, आणि मान मागे वळवोन म्हणाली, "आई, ते सरदार रोज का येत नाहीत गं?"