देवरावकाकांची गाडी माणसात येते

देवरावकाका कुठलीही गोष्ट आधी चिमटीत धरतात. मेथीची जुडी, पडद्याचं कापड, वर्तमानपत्राचा कागद. एकदा मला बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाच्या कोटाची बाहीसुद्धा त्यांनी बोलता बोलता अंगठा आणि तर्जनीत घेतली होती. मग डोळे किलकिले करतात आणि निकाल देतात. निकाल तीनच: ‘सुपर’, ‘चालते’ आणि ‘फरदड’. हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी शेतात तशीच ठेवून शेवटी शेवटी वेचतात तो हलका कापूस म्हणजे फरदड. पाहुण्यांचा कोट फरदड निघाला. पुढे ते स्थळ बारगळलं. त्यात काकांचा हात होता, असं आई अजून म्हणते. मला स्वतःला काही वाईट वाटलं नव्हतं.

काका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. नेर, ढाणकी, बाभुळगाव, जिथे पाठवतील तिथे. गाडीतला कापूस ओंजळीत घ्यायचा, चिमटीनं ओढून धागा किती लांब आहे ते पाहायचं आणि प्रत सांगायची. मग कापसाचे दिवसच फिरले. भाव पडले, केंद्रं एकेक करून बंद झाली आणि काकांना वेळेआधीच घरी बसवलं. चिमटीला मात्र ते कुणी कळवलं नाही.

आमची आणि त्यांची भिंत एक. त्यामुळे त्यांचं फोनवरचं बोलणं आम्हाला आमच्या टीव्हीपेक्षा स्पष्ट ऐकू यायचं. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पुण्याला मुलाकडे गेल्या होत्या. नातू झाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेल्या, तो आता चालायला लागला तरी तिथेच. काका रोज संध्याकाळी फोन करायचे आणि ओरडून बातम्या द्यायचे. “नळ चौथ्या दिवशी येऊन राह्यले! पाटलाची म्हैस व्याली! हो, जेवलो! ठेवतो!” ‘ये’ हा शब्द त्यात कधी नसायचा.

जाताना काकू फाटकातून म्हणाल्या होत्या, “पहिले ते गाडी माणसात आणा, मंग मले बोलवा.” त्या हसत म्हणाल्या होत्या. काकांनी ते मनावर घेतलं.

गाडी लहानशी, जुनी, मुळात मरून रंगाची. कडुनिंबाखाली उभी राहून राहून तिच्यावर चिकट ठिपके, पाखरांची कृपा आणि एक जाडसर करडी साय चढली होती. पोरं तिच्यावर बोटानं नावं लिहायची. जानेवारीत नेरला भाचीचं लग्न निघालं आणि काकू शुक्रवारी येणार, सोमवारच्या तिकिटानं परत जाणार, असं ठरलं. काकांनी मुलाला पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी मागितलं. प्रशांतदादानं पुण्याहून खोकंच पाठवलं. त्यात बाटल्या, डबी, मातीची निळी वडी, चिकटपट्टी आणि मऊ मऊ फडकी होती. सगळ्यावर बारीक इंग्रजी.

“ये वं इंग्लिश मीडियम!” कुंपणाच्या भिंतीवरून हाक आली.

काकांनी मला नावानं कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी तेव्हा बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होते आणि कोणीही बोलावलं की पुस्तकात तोंड घालायची माझी सवय होती. पण भिंतीवरून काकांचं डोकं दिसत होतं, आणि ते जाईना.

मी त्यांच्या अंगणात गेले आणि बाटली वाचली. “आधी धुवायचं. मग हाताला प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून हात फिरवायचा. खरखर लागली तर ही माती घासायची.”

“पिशवी?” काका दुखावले. “तीस वर्षं ह्या बोटांनी कापूस पाह्यला. मले पिशवी घालाले सांगते?”

त्यांनी बॉनेटचा एक कोपरा ओल्या फडक्यानं पुसून उघड्या बोटांनी चाचपला. “सुपर हाय. एकदम गुळगुळीत.”

 मी दुधाची धुतलेली पिशवी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोन बोटांनी, उंदीर उचलावा तशी, घेतली आणि हातावर चढवली. हात त्याच कोपऱ्यावरून फिरला आणि थांबला. पुन्हा फिरला. पिशवीतून खरखर अशी येत होती की दोन हात लांब उभ्या मलाही ऐकू आली.

“अरे बाप्पा!” काका म्हणाले. “हे पिशवी नोकरीत असताना कोणी देल्ली नाही.”

मग ते पिशवी घालून आमचं फाटक, तुळशीचा कट्टा आणि बाबांची स्कूटर तपासून आले. सगळं फरदड.

धुण्याचा दिवस वेगळाच गाजला. नळ चार दिवसांनी आलेला आणि काका दोन बादल्या घेऊन गाडीला आंघोळ घालताहेत हे पाहून समोरच्या देशमुखकाकूंनी गॅलरीतूनच विचारलं, “काहून जी भाऊजी, नवरदेव कोण, तुमी का गाडी?”

“गाडी!” काका म्हणाले. “मी वराती.”

बाटलीवर लिहिलं होतं की उन्हात काम करायचं नाही, पत्रा थंड हवा. आमच्याकडे पत्रा थंड असण्याची वेळ म्हणजे जानेवारीतली सकाळ. काकांनी तरी कापूस झाकायची जुनी ताडपत्री निंबाला आणि भिंतीतल्या खिळ्याला बांधली, आणि ऊन सरकलं की तीही सरकवायची. मातीची वडी त्यांनी पुरणाच्या उंड्यासारखी मळली, साबणाच्या पाण्यात बुडवून घासली, आणि ती काळी होत गेली तसे ते खूश होत गेले. तेवढ्यात वडी हातातून सटकून मातीत पडली. त्यांनी ती उचलली, धोतराला पुसली आणि पुन्हा गाडीकडे नेली.

“नका!” मी ओरडले.

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. देशमुखकाकू पुन्हा गॅलरीत आल्या. पडलेल्या वडीत खडे घुसतात, ती फेकायची असते, असं बाटलीवर ठळक लिहिलं होतं. मी ते हळू आवाजात वाचून दाखवलं. काकांनी वडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बोलता येते वं तुले,” ते म्हणाले आणि उरलेली अर्धी वडी खोक्यातून काढली.

खरा घोटाळा पॉलिशला झाला. दादानं पाठवलेलं फडकं काकांनी चिमटीत धरलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. “प्लास्टिक हाय हे. यवतमाळात राहून गाडी प्लास्टिकनं पुसू? पांढरं सोनं पिकवणारा मुलूख आपला!” ते आत गेले आणि कापसाचं एक गाठोडं घेऊन आले. स्वतः निवडलेला, लांब धाग्याचा, गादीसाठी ठेवलेला. ओट्यावर बसून त्यांनी एकेक बोंडाची सरकी हातानं काढली. मी बाटलीवरची ओळ दाखवली. त्यांनी कापसाचा पेळू माझ्या गालाला लावला. “सांग. ह्यापेक्षा मऊ का हाय?”

मऊ होता. पण कापूस कितीही सुपर असला तरी त्यात वाळक्या पानाचा एखादा कण राहतोच, आणि हे जगात कोणाला माहीत असेल तर काकांना. उजव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या वर, त्यांनी मनापासून गोल गोल घासलं. पॉलिश पुसलं तेव्हा मरून रंगावर बारीक पांढऱ्या रेघांची चक्रं उमटली होती, रांगोळी काढल्यासारखी.

काकांनी उकिडवं बसून त्या रेघांवरून बोट फिरवलं.

“मीच पास केलता हा कापूस,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निमूटपणे पुण्याचं फडकं घेतलं आणि डाव्या बाजूला गेले. बॉनेटच्या मधोमध त्यांनी चिकटपट्टी लावली, छपरावर आणि डिकीवरही. “सॅम्पल पाहाले,” म्हणाले. इकडची बाजू आणि तिकडची बाजू, फरक दिसला पाहिजे. मंगळवारी दुपारी त्यांनी पट्ट्या काढल्या, तेव्हा मी खरंच पुस्तक खाली ठेवलं. डावीकडे खोल, ओला वाटावा असा मरून रंग होता, त्यात कडुनिंबाचं पानन् पान दिसत होतं. मधून सरळ रेघ. उजवीकडे धुऊनही न गेलेली तीच जुनी करडी साय.

“आता उजवी,” मी म्हटलं.

“पाहू.”

बुधवारी ते पाहत नव्हते, पेपर वाचत होते. गुरुवारीही. मी विचारलं तर म्हणाले, “दम लागते मले.” मग टाकीवर चढून बॉलकॉक दुरुस्त करून आले. खोक्यात मेण होतं, फडकी होती, ताडपत्रीही बांधलेलीच होती. आपण मध्ये कशाला पडा, म्हणून मी पुस्तक पुन्हा उघडलं.

शुक्रवारी मला म्हणाले, “धामणगावच्या टेशनावर चाल. काकूजवळ सामान राहते.” मी मागे बसले. वाटेत कापसाचे ट्रक लागत होते, बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले. बाभुळगावच्या पुढे काकांनी गाडी थांबवली, उतरले, फडक्यानं फक्त डावी बाजू पुसली, पुन्हा बसले. 

स्टेशनवर मोकळी जागा खूप होती. त्यांनी गाडी दोनदा मागेपुढे घेतली, डावी बाजू बाहेर येणाऱ्या दाराकडे होईपर्यंत.

काकू आल्या. हातात एकच छोटी बॅग. काकांनी आधी बॅगेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“बाई!” काकू थबकल्या. “नवी घेतली का जी?”

“तेच हाय.”

काकू जवळ आल्या. दारात स्वतःला पाहून त्यांनी पदर सारखा केला, कपाळावरचे केस मागे सारले. हसू आवरत नव्हतं. मग गाडीला फेरी मारायला निघाल्या, आणि पलीकडे गेल्यावर थांबल्या.

“अन् हे?”

काका चाकाकडे पाहत होते. “अर्धीच झाली.”

“काहून?”

“एकट्याच्यानं होत नाही ते. एकानं लावा लागते, एकानं पुसा लागते.”

डावी बाजू पूर्ण एकट्यानं केलेली मी पाहिली होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सिग्नलकडे पाहू लागले.

“मी का गाडी पुसाले येऊ पुण्यावरून?” काकू म्हणाल्या.

 स्टेशनबाहेरचा चहावालासुद्धा आमच्याकडे पाहत होता.

“किती दिवसांचं काम हाय?”

“सांगता येत नाही,” काका म्हणाले, चाकालाच.

काकूंनी उजवीकडच्या सायीवर बोट फिरवलं, वाटेतल्या धुळीनं काळं झालेलं ते बोट रुमालाला पुसलं आणि येऊन पुढच्या सीटवर बसल्या. दार लावलं. गाडी रस्त्याला लागली. मग त्यांनी पर्समधून मोबाइल काढला.

“हा, प्रशांत, पोचली रे. ऐक, ते सोमवारची तिकीट रद्द कर... नाही रे, तब्येत चांगली हाय त्याईची. गाडीचं काम निघालं.”